काच धरणारी आणि काच बसवणारा

आमच्या संस्थेच्या गेल्या वार्षिक अहवालात एक फोटो आहे. निळा कोट घातलेली एक बाई, हातात हातमोजे, मोटारीची समोरची काच एका बाजूने धरून उभी. खाली ओळ आहे, 'अपारंपरिक व्यवसायात महिलेचं पदार्पण'. ती ओळ मी लिहिली आणि फोटोही मीच काढला. फोटो खोटा नाही, काच तिने खरोखरच धरली होती. पण त्यानंतर मिनिटभरात तिला बाजूला सारून दोन पोरांनी ती काच गाडीवर बसवली, हे अहवालात कुठेच आलेलं नाही. ते न लिहिण्यामागे माझा काही विचार होता असंही नाही. मला तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही, आणि हीच गोष्ट मला आता जास्त खटकते.

ही बाई भोसरीजवळच्या एका वस्तीत राहते. वस्ती तिला वहिनी म्हणते, मीही वहिनीच म्हणते. नाव छापू नका असं तिने बजावून सांगितलं आहे. नवरा चाकणला कंत्राटी कामावर होता, ते काम सुटलं. वहिनी दहावीपर्यंत शिकलेली, तीन घरची धुणीभांडी करत होती. आमच्या संस्थेने बायकांना शिवणकाम आणि पार्लर सोडून दुसरं काही शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या तुकडीत ती आली. दुचाकी दुरुस्ती, वायरिंग, रिक्षा चालवणं असे आमचे गट होते. मोटारींच्या काचा बदलण्याचं एक दुकान ओळखीतून मिळालं, तिथले मालक म्हणाले, 'एखादी बाई पाठवून बघा, मॅडम.' आम्ही वहिनीला पाठवलं.

पाठवण्याआधी मी स्वतः तीन आठवडे त्या दुकानात रोज सकाळी जाऊन काम केलं. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्य म्हणून पुष्कळ ठिकाणी वही घेऊन बसले होते, पण पान्हा हातात घेऊन उभी राहिले ती पहिल्यांदाच. त्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते नीट समजल्याशिवाय पुढचा अन्याय कुठे आहे हे कळणार नाही. तो अगदी बारीक जागी आहे.

पुणे–नाशिक रस्त्याला डंपर धावतात. त्यांच्या चाकाखालून उडालेला खडा मागच्या गाडीच्या काचेवर बसतो. समोरची काच दोन पत्र्यांची असते आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे समोर अशीच काच लागते. ती तडकली तरी खाली पडत नाही, तडा मात्र उन्हाने आणि एसीच्या गारव्याने वाढत जातो. मग काच बदलायची. आधी वायपर काढायचे, काचेखालची प्लॅस्टिकची पट्टी काढायची, कडेचं बीडिंग सोडवायचं. जुनी काच चिकटवलेली असते. त्या चिकट थरातून बारीक तार आरपार घालायची, एकाने गाडीच्या आत आणि एकाने बाहेर बसून करवतीसारखी ओढत पूर्ण कड फिरायची. बोटं कापतात ती इथे. काच निघाली की लोखंडी चौकटीवरचा जुना थर तासून एखाद-दोन मिलिमीटर ठेवायचा. तासताना रंग खरवडला गेला असेल तर तिथे प्रायमर लावायचा, नाहीतर आतून गंज धरतो. नव्या काचेच्या कडेलाही प्रायमर लावायचा. मग गनमध्ये सीलंटची नळी घालून चौकटीवर एक अखंड रेघ ओढायची. ती रेघ कुठेही तुटता कामा नये, जाडी सारखी हवी, कोपऱ्यात हात थांबता कामा नये. हा सीलंट हवेतल्या दमटपणाने सुकतो. रेघ ओढली की काही मिनिटांत त्याच्यावर साय धरायला लागते, तेवढ्या वेळात रबरी कप लावून काच उचलायची आणि एकाच प्रयत्नात जागेवर ठेवायची. पुन्हा उचलून सरकवली की रेघ बिघडली. शेवटी वरून टेप लावायची, आणि सीलंट सुकेपर्यंत गाडी हलवू द्यायची नाही. तो किती वेळ, हे सीलंटवर आणि हवेवर अवलंबून असतं. गिऱ्हाईक मात्र घड्याळ दाखवत उभं असतं.

या सगळ्यात कसब आहे ते रेघेत. बाकी कामाला कष्ट लागतात, काळजी लागते. रेघेला हात लागतो. त्या रेघेवर किती अवलंबून आहे हे मलाही आधी माहीत नव्हतं. पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटपुढची एअरबॅग फुगताना समोरच्या काचेचा आधार घेते. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून चौकटीला चिकटलेली काचही थोडा भार घेते. काच नीट चिकटलेली नसेल तर ऐन वेळी ती बाहेर फेकली जाते. म्हणजे काच बसवणारा माणूस गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळत असतो, आणि गिऱ्हाइकाला ते पावती बघून कळत नाही.

तर वहिनी लागली. पहिल्या महिन्यात ती काय करत होती? गाडी आली की आतल्या सीटवर कापड अंथरायचं, फुटलेल्या काचेचा चुरा वेचायचा, तार ओढताना आतल्या बाजूला बसायचं, काच पुसायची, धरायची. शिवाय झाडलोट, चहा. नवीन माणसाने हेच करायचं असतं, त्यात वावगं काही नाही. तिच्यानंतर तीन आठवड्यांनी मिस्त्रींच्या गावाकडचा एक मुलगा लागला, अठरा-एकोणीस वर्षांचा. तोही हेच करत होता. चौथ्या महिन्यात त्या मुलाच्या हातात गन आली. वहिनीच्या हातात सातव्या महिन्यापर्यंत आली नाही.

का आली नाही, असं मी मिस्त्रींना विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळापासून ते हे काम करतात. तेव्हा काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत दोरी भरायची, काच बाहेरून दाबायची आणि आतून दोरी ओढत रबराचा ओठ चौकटीवर चढवायचा. ते म्हणाले, 'वहिनींना कुणी नाही म्हणत नाही, ताई. पण शिकायला थांबावं लागतं.'

मी या वाक्यावर पुष्कळ दिवस विचार केला. तो मुलगा दुकानातच झोपतो. सात वाजता शटर खाली आलं की मिस्त्री आणि ती पोरं आत बसतात. काढून टाकलेल्या काचेवर उरलेल्या नळीतला सीलंट ओढून बघतात. कुणाची रेघ वाकडी गेली की हसतात, एखादी टपली मारतात, पुन्हा ओढायला लावतात. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं, तेव्हाही हेच. या धंद्यात शिकवणं म्हणतात ते असं होतं. पगाराच्या वेळात नुसतं काम होतं आणि शिकणं त्यानंतर. सात वाजता वहिनी कुठे असते? साडेसहाला वस्तीत पाणी येतं. ती सहाला निघते. ती सहाला निघते म्हणून मालक तिला 'वेळेची पक्की' म्हणतात आणि मिस्त्री 'थांबत नाही' म्हणतात. दोघंही खरं बोलतात.

आपल्या शिबिरांतून आपण बायकांच्या दुहेरी कामाच्या ओझ्याबद्दल बोलतो, त्याचे तक्ते काढतो. पण ते ओझं कसबाच्या आड नेमकं कसं येतं, हे मला एम.ए.च्या पुस्तकात किंवा कुठल्या शिबिरात इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. घरचं काम बाईला थकवतं हे ठाऊक होतं. ते तिला संध्याकाळी सात ते नऊ या शाळेतून उठवून नेतं, हे त्या दुकानात दिसलं.

आणि फक्त वेळेचाच प्रश्न आहे असंही नाही. सीलंटची नळी फुकट गेली की मालकाचे पैसे जातात. मुलाने नळी फुकट घालवली तेव्हा मालक चिडले, म्हणाले, 'शिकेल.' वहिनीने एकदा, दुपारी दुकान रिकामं असताना, गन उचलून जुन्या काचेवर हात चालवून बघितला. अर्धी नळी गेली. तेव्हा मालक चिडले नाहीत, हसून म्हणाले, 'वहिनी, राहू द्या, ते तुमचं काम नाही.' त्यापेक्षा चिडले असते तर बरं, असं ती मला म्हणाली.

जुलैतली गोष्ट. एक गाडी परत आली. पाऊस पडला की डॅशबोर्डखाली पाणी ठिबकत होतं. काच काढून बघितली तेव्हा खालच्या डाव्या कोपऱ्यात रेघ तुटलेली निघाली. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर गन फट्‌ असा आवाज करते आणि रेघेत खंड पडतो. काच बसवताना वहिनी आत बसली होती, तिने तो आवाज ऐकला होता, खंडही बघितला होता. मुलाला म्हणाली, 'इथं तुटलंय रे.' तो म्हणाला, 'दाबल्यावर बसतं.' दोन मिनिटांत काच ठेवून झाली. आता गाडी परत आल्यावर मालकांनी विचारलं, कुणाचं काम होतं? मुलगा गप्प राहिला. मिस्त्री त्या दिवशी नव्हते. गिऱ्हाइकाने दुकानात बाई बघितली आणि म्हणालं, 'म्हणजे बायकांकडून काचा बसवून घेता होय!' तेवढं पुरलं. वहिनीचे तीन दिवसांचे पैसे कापले गेले. जी गन सात महिन्यांत तिच्या हातात कुणी दिली नाही, तिच्या चुकीचा दंड मात्र तिने भरला.

तिने मला त्याच संध्याकाळी फोन केला. मी काय केलं ते सांगायला हवं. मी म्हणाले, 'वहिनी, या वेळी सोडून द्या. ऑगस्टमध्ये आणखी दोघी तिथे लागणार आहेत, आत्ता भांडण नको.' ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग 'बरं' म्हणाली. सप्टेंबरमध्ये मी अहवाल लिहिला. देणगीदार संस्थेच्या तक्त्यात तीन रकाने असतात: किती जणींना प्रशिक्षण दिलं, किती जणी कामाला लागल्या, सहा महिन्यांनंतर किती टिकल्या. वहिनी तिन्ही रकान्यांत बसत होती. हातात काय काम आहे याचा चौथा रकाना नव्हता, आणि असावा असं आम्हीही कुणी म्हटलं नाही.

आता मतभेदांबद्दल. आमच्याच संघटनेतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं असं, की असल्या धंद्यात बायकांना ढकलण्याची ही हौस मध्यमवर्गीय आहे. काचा, रसायनं, उचलापाचल, त्यापेक्षा पार्लर काय वाईट? रसायनांचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. या सीलंटमध्ये आयसोसायनेट असतात, ते सुकण्याआधी त्यांच्या संपर्काने दम्याचा त्रास जडू शकतो, आणि एकदा जडला की मग थोड्या संपर्कानेही होतो. हातमोजे, चष्मा, खेळती हवा हे हवंच. पण ते त्या मुलालाही हवं. पुरुषांच्या मापाचे हातमोजे वहिनीच्या हातात सैल बसतात, त्यामुळे ती ते काढून काम करते आणि तिची बोटं कापतात. यावर लहान मापाचे हातमोजे आणावेत, तिला कामावरून काढणं हा त्यावर इलाज नव्हे. वजनाचा मुद्दा तर मला चेष्टेचा वाटतो. लहान गाडीची समोरची काच भरलेल्या हंड्याएवढी, आणि ती उचलायची दोघांनी. बांधकामावर बायका दिवसभर वाळूची घमेली वाहतात तेव्हा वजनाची काळजी कुणी करत नाही. बाई वजन उचलून कमी मजुरी घेते तोवर तिची ताकद पुरते, गवंड्याची थापी मागितली की कमी पडते.

उलट बाजूला आपल्यातल्या तरुण मैत्रिणी आहेत, त्यांना फोटो पुरेसा वाटतो. बायकांनी कुठलं शिखर गाठलं याच्या बातम्या त्या कापून लावतात. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं होतं, सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि त्या पुण्यात टेल्कोत लागल्या, ही गोष्ट आपण सगळ्याजणी सांगतो. मीही सांगते. आता तर त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात मोटारी जोडणारा एक विभाग पूर्णपणे बायकांचा आहे. चांगलंच आहे. पण त्या इंजिनिअर होत्या, आणि कारखान्यात नेमणूकपत्र असतं, कामाच्या वेळात शिकवतात. वहिनीच्या दुकानात पाच माणसं आहेत आणि नेमणूकपत्र पाचांपैकी कुणाकडेच नाही.

गाडीच्या काचेवरून आठवलं, समोरच्या काचेवर जो वायपर असतो त्याचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईला मिळालं होतं. तिने ते विकायचा प्रयत्न केला, धंद्याच्या दृष्टीने त्यात काही नाही असं तिला सांगण्यात आलं. पेटंटची मुदत संपली आणि वायपर सगळ्या गाड्यांवर आले. हे मी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे तिलाही शेठच भेटला.'

कायद्याकडे बघावं तर आपल्या हाताला फारसं काही लागत नाही. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा झाला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्याच्या बहुतेक कलमांतून बाहेर ठेवली गेली. समान वेतनाचं कलम १९७६ च्या कायद्यात होतं, आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे: सारख्या किंवा तशाच स्वरूपाच्या कामाला सारखं वेतन. वाचायला छान आहे. पण मालकाला त्यातून सुटायला पळवाट शोधायचीही गरज नाही, बाईला सारखं काम करूच द्यायचं नाही, की झालं. मुलगा फिटर, वहिनी हेल्पर. फिटरला फिटरचा पगार, हेल्परला हेल्परचा. कायद्याचा भंग कुठे झाला? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र अशा पाच माणसांच्या दुकानालाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे दुकानात पाठवतानाच प्रत्येकीला सांगायला हवं. आम्ही तेही एका ओळीत सांगून मोकळ्या झालो होतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की बायकांना अशा कामात पाठवणाऱ्या आपल्या संस्थांनी मालकांचे आभार मानत बसणं आधी बंद करावं. बाई घेतली म्हणून त्यांनी उपकार केलेले नाहीत. त्यांना कमी पैशात, वेळेवर येणारा, दारू न पिणारा माणूस मिळाला आहे. पाठवतानाच ठरवून घ्यावं की अमुक महिन्यांत कसबाचं काम हातात येईल, कामाच्या वेळेत शिकवलं जाईल, आणि वाया जाणाऱ्या मालाचा खर्च सुरुवातीला संस्था भरेल. शिलाई मशीनसाठी आपल्याकडे पैसे निघतात, सीलंटच्या वीस नळ्यांसाठीही निघतील. मिस्त्रींना शिकवण्याचं मानधन द्यावं. त्यांनी आयुष्यभर फुकट शिकवलं, ते फक्त आपल्या नात्यागोत्यातल्या पोरांना. सरकारी आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात, पण वहिनीसारख्या चाळिशीकडे झुकलेल्या, दोन मुलांच्या बाईला तिथे जाऊन दिवसभर बसणं परवडत नाही. ती शिकेल तर कामावरच शिकेल.

आणि आपण जिला पाठवतो ती भांडायला उभी राहिली तर दुकान हातचं जाईल, ही भीती आपण आधी स्वतःशी कबूल करावी. मला होती. जुलैत मी दुकान सांभाळलं.

हे सगळं बाहेर आलं ते आमच्या डिसेंबरच्या बैठकीत. ऑगस्टमध्ये लागलेल्या दोघींपैकी एक सोडून गेली होती, आणि ती का गेली यावर आम्ही बोलत होतो. कुणी म्हणालं बस लांब पडते, कुणी म्हणालं सासूचं आजारपण. वहिनी मागे भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, 'ती कशानं गेली ते मला विचारा. मी कशानं राहिले तेपण विचारा.' मग तिने जुलैची गोष्ट सांगितली, माझ्या फोनसकट, माझ्यासमोर. आवाज चढवला नाही. मी काय बोलले होते ते तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

त्यानंतर आम्ही कार्यालयाच्या मागच्या पडवीत चार जुन्या काचा आणून ठेवल्या आहेत. रविवारी दुपारी मिस्त्री येतात. पहिल्या रविवारी त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं होतं, आता चहा सांगून ठेवा म्हणतात. वहिनी आणि आणखी तिघी स्वस्तातल्या सिलिकॉनवर रेघ ओढतात. वहिनीची रेघ सरळ येते, कोपऱ्यात अजून जाड होते. घाई करू नको, श्वास सोडत वळ, असं मिस्त्री सांगतात. मीही एकदा ओढून बघितली, गांडूळ फिरल्यासारखी आली.

येत्या बुधवारी मालकांकडे जायचं आहे. कापलेल्या तीन दिवसांचे पैसे, आणि फिटरच्या कामाची सुरुवात कधी, या दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बरोबर वहिनी येणार आहे. बोलणार तीच. मी शेजारी बसेन, आणि मध्ये बोलणार नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.